घड्याळ बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं?

माझ्या टेबलावरच्या ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचा सिग्नल लाटेसारखा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दोन लाटा आहेत. पिवळी लाट जागच्या जागी खिळल्यासारखी उभी आहे. निळी मात्र मुंगीच्या पावलांनी उजवीकडे सरकते आहे. टक लावून पाहिलं तर हालचाल कळत नाही, पण चहा आणायला उठून परत आलो की तिचं शिखर पुढे गेलेलं असतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं. निळी लाट बरोबर एक लाटभर सरकायला १०० सेकंद लागले.

आता हिशोब बघा. दोन्ही सिग्नल १० मेगाहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला एक कोटी लाटा. १०० सेकंदांत पिवळीच्या शंभर कोटी लाटा झाल्या आणि निळीची एक कमी पडली. शंभर कोटींत एक. निळी मागे पडते म्हणजे ती तेवढी संथ आहे. इतका बारीक फरक दोन चॅनलच्या साध्या स्कोपवर, मोबाइलच्या स्टॉपवॉचनं, साताऱ्यातल्या एका राहत्या घरात मोजता येतो. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

अट एकच: पिवळी लाट भरवशाची हवी. ती कुठून आणायची आणि तिच्यावर किती वेळ विसंबायचं, हाच अचूक वेळ मोजण्याच्या माझ्या या छंदाचा गाभा आहे. आणि हे मला चुकूनच शिकायला मिळालं.

झालं असं. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या इलेक्ट्रॉनिक कार्डांची दुरुस्ती हा माझा धंदा. काही वर्षांपूर्वी एक जुना फ्रिक्वेन्सी काउंटर हाती लागला. आठ आकडी, लाल दिव्यांचा, दिसायला भारदस्त. त्यावर माझ्या रेडिओचा १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे रेडिओला ठोके पुरवणारा भाग, लावला, तर आकडा आला १,००,००,०१२. बारा हर्ट्झ जास्त! मी लगेच छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ट्रिमर, म्हणजे फ्रिक्वेन्सी जुळवायचा स्क्रू, फिरवला आणि शेवटचे सगळे आकडे शून्यावर आणून ठेवले. समाधान वाटलं. पुढच्याच आठवड्यात रेडिओवर ओळखीची स्टेशनं जागा सोडून लागायला लागली.

सांगलीला आमचे एक ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ऑसिलेटर पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो.

"मोजलंस कशानं?" त्यांनी विचारलं.

"काउंटरनं, काका."

"आणि काउंटरला कुणी मोजलं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. काउंटरच्या आतही एक क्रिस्टल, म्हणजे ठरावीक गतीनं थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक, असतो. त्याच्या ठोक्यांवर काउंटर 'एक सेकंद' ठरवतो आणि तेवढ्या वेळात बाहेरच्या किती लाटा आल्या ते मोजतो. माझ्या काउंटरचा क्रिस्टल वय होऊन संथ झाला होता. त्याचा सेकंद किंचित लांब झाला होता, म्हणून त्यात बारा लाटा जास्त मावत होत्या. ऑसिलेटर बरोबर होता. चुकीच्या मापानं मोजून मी बरोबर वस्तू बिघडवली होती.

आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवायची पद्धत होती. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यानं भरलेल्या गंगाळात सोडायची. ती भरून बुडाली की घटका भरली, म्हणजे २४ मिनिटं झाली. आता त्या भोकात क्षार साठले तर वाटी उशिरा बुडणार. पण हे वाटीकडे बघून कळेल का? नाही. शेजारी दुसरी वाटी ठेवली तर दोघींत फरक आहे एवढं कळेल, चूक कुणाची ते नाही. तिसरी ठेवली तर थोडा अंदाज येईल. किंवा मग सूर्याकडे बघायचं. वेळ मोजणं म्हणजे कायम तुलना करणं. एकटं घड्याळ स्वतःबद्दल काहीच सांगू शकत नाही.

मग सगळ्यांचा 'सूर्य' कोणता? १९६७ साली सेकंदाची व्याख्या बदलली. तोवर ती पृथ्वीच्या फिरण्यावर अवलंबून होती, आधी स्वतःभोवतीच्या आणि १९६० पासून सूर्याभोवतीच्या, आणि पृथ्वी स्वतःभोवती काही अगदी एकसारखी फिरत नाही. नव्या व्याख्येत सीझियम-१३३ या अणूच्या एका ठरावीक कंपनाचे ९,१९,२६,३१,७७० फेरे म्हणजे एक सेकंद. अणूला वय नाही, ऊन-थंडी नाही, दिल्लीतला सीझियम आणि पॅरिसमधला सीझियम सारखाच. आपली भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अशाच अणुघड्याळांवर सांभाळली जाते. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ आहे. सातारा ७४ अंशांवर, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य सरासरी ३४ मिनिटं उशिरा येतो. पण सेकंदाची लांबी सगळीकडे एकच.

अणूपासून दूर, आपल्या मनगटावर काय चालतं तेही पाहू. क्वार्ट्झच्या घड्याळात नखाएवढ्या डबीत चिमट्याच्या आकाराचा एक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा अडनिडा वाटतो, पण तो २ चा १५ वा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक उरतो, आणि तोच सेकंदाचा ठोका. हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद चालतो. त्यापेक्षा ऊन वाढलं तरी तो संथ होतो आणि थंडी पडली तरी संथच होतो. चूक २५ अंशांपासूनच्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: दर अंशाच्या वर्गाला दहा लाखांत सुमारे ०.०३४. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत घड्याळ ४० अंशांत राहिलं तर १५ चा वर्ग २२५, त्याला ०.०३४ नं गुणलं की दहा लाखांत साडेसात भरतं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे रोज सुमारे ०.६६ सेकंद ते मागे पडणार. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांतही तेवढंच. हातातलं घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा चांगलं चालतं याचं एक साधं कारण म्हणजे मनगटाची ऊब.

'दहा लाखांत एक' याला आमच्यात पीपीएम म्हणतात. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, वर्षाला साधारण साडेएकतीस सेकंद. माझा काउंटर १.२ पीपीएमनं चुकत होता. मनगटी घड्याळ म्हणून तो उत्तम ठरला असता! रेडिओच्या कामाला मात्र निरुपयोगी.

मग क्रिस्टलला ऊन-थंडी लागूच नये यासाठी काय करायचं? एक उपाय म्हणजे तापमान बघून विजेनं दुरुस्ती करत राहायची. तशा ऑसिलेटरला टीसीएक्सओ म्हणतात. चांगला असेल तर अर्ध्या-एक पीपीएममध्ये राहतो. दुसरा उपाय जास्त सरळ: क्रिस्टललाच एका छोट्या भट्टीत बंद करायचं आणि बाहेरच्या कुठल्याही उन्हाळ्यापेक्षा गरम, साधारण ऐंशी अंशांच्या आसपास, कायम एकाच तापमानावर ठेवायचं. हा ओसीएक्सओ. आमच्या बोलण्यात नुसता 'ओव्हन'.

ओव्हनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण छंदाची खरी मजा इथे सुरू होते. टेलिफोन एक्स्चेंज आणि मोबाइल टॉवरच्या उतरवलेल्या सामानातून हे ओव्हन निघतात आणि जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळतात. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, जड, पत्र्याची डबी. वीज दिली की पहिली काही मिनिटं ती भरपूर करंट खाते, मग हाताला कोमट लागायला लागते आणि करंट उतरतो. पण म्हणून लगेच मोजायला घ्यायचं नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेला ओव्हन स्थिर व्हायला काही दिवस, कधी काही आठवडे घेतो. माझ्या एका ओव्हनला तीन आठवडे लागले. रोज सकाळी आकडा लिहायचो. पहिल्या आठवड्यात तो धावत होता, दुसऱ्यात चालायला लागला, तिसऱ्यात जवळजवळ बसला. वीज गेली की ही सगळी तपश्चर्या पुन्हा, म्हणून मी त्याला १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवलंय. आणि हो, डबी उलटी करून ठेवली तरी फ्रिक्वेन्सी बदलते, कारण स्फटिकावर त्याचंच वजन वेगळ्या बाजूनं पडतं. फरक असतो अब्जांत एकाच्या आसपास. स्कोपच्या पडद्यावर दोन लाटा लावून ओव्हन हलकेच कुशीवर वळवा, निळी लाट चाल बदलताना डोळ्यांनी दिसेल. शाळेतल्या मुलांना मी हे आवर्जून दाखवतो.

ओव्हनचा दोष एकच, पण मोठा. तो म्हातारा होत जातो. रोज अगदी थोडा, एकाच दिशेनं. साध्या ओव्हनची फ्रिक्वेन्सी दिवसाला अब्जांत एकानं सरकली, तर पहिल्याच दिवसाअखेर घड्याळ म्हणून तो सुमारे ४३ मायक्रोसेकंद चुकलेला असतो. त्याला सतत कुणीतरी 'अरे, तू घसरतोयस' असं सांगत राहावं लागतं.

ते सांगणारे आकाशात आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळं असतात. आपण जीपीएस नकाशासाठी वापरतो, पण मुळात ती वेळ वाटणारी यंत्रणा आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. उपग्रहापासून सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं, म्हणून जागा बरोबर काढायची तर वेळ नॅनोसेकंदांत बरोबर असावीच लागते. भारताची स्वतःची 'नाविक' नावाची, जीपीएससारखी उपग्रह प्रणाली आहे. तिच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळं, म्हणजे रुबिडियमच्या अणूवर चालणारी अणुघड्याळं, बंद पडली तेव्हा तो उपग्रह जागा सांगण्याच्या कामातून बाद झाला. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये इस्रोनं देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं. मला स्वतःला ही बातमी कुठल्याही नव्या रॉकेटइतकीच मोठी वाटते.

नीओ-६एम नावाचं जीपीएस मोड्यूल काहीशे रुपयांत मिळतं. त्यावर एक बारीक एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकतो. बहुतेक लोक त्याला 'चालू आहे' याची खूण समजतात. खरं तर तो ठोका, आम्ही त्याला पीपीएस म्हणतो, अणुवेळेशी बांधलेला असतो. त्याच्या माहितीपत्रकात अचूकता ३० नॅनोसेकंद दिली आहे. सेकंदाच्या तीन कोटीव्या भागाइतकी चूक, आणि तीही चहा-नाश्त्याच्या खर्चात.

पण त्यासाठी आकाश नीट दिसलं पाहिजे. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसलेलं आहे. आमचं घर किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे दक्षिणेचं खालचं आकाश डोंगरानं झाकलेलं. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांत कललेल्या आहेत, म्हणून आपल्या अक्षांशावरून थेट उत्तरेला खालच्या बाजूस उपग्रह येतच नाहीत. म्हणजे उत्तरेला नाहीत आणि दक्षिणेला किल्ला. पहिल्यांदा अँटेना खिडकीच्या गजाला बांधला होता, तेव्हा ठोका शंभर-दोनशे नॅनोसेकंदांत भटकायचा. काही सिग्नल समोरच्या इमारतीवर आपटून, लांबचा रस्ता घेऊन येत होते. अँटेना गच्चीवर टाकीच्या शेजारी पाइपावर उंच नेला आणि भटकणं लगेच आवरलं. या छंदात पहिला खर्च यंत्रावर न करता पाइप, केबल आणि चांगल्या कनेक्टरवर करावा असं माझं ठाम मत आहे. कनेक्टर तर नीट गुंडाळाच. आपल्याकडचा जुलैचा पाऊस वरून, खालून आणि आडवा येतो, आणि कनेक्टरात पाणी शिरलं की ठोका हळूहळू बिघडतो, एकदम बंद पडत नाही. दोष शोधायला मग दिवस जातात.

केबलचाही वेळ लागतो. साध्या कोॲक्सियल केबलमधून सिग्नल मीटरला पाच नॅनोसेकंदांच्या हिशोबानं चालतो. गच्चीपासून टेबलापर्यंत २० मीटर केबल असेल तर ठोका १०० नॅनोसेकंद उशिरा पोचणार. फक्त फ्रिक्वेन्सी हवी असेल तर याची काळजी नको, कारण उशीर रोज तेवढाच. वेळच हवी असेल तर तेवढं वजा करावं लागतं. वातावरणाच्या वरच्या थरातला उशीर मात्र रोज सारखा नसतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ राहतो, इथला आयनोस्फिअर दुपारी दाट होतो आणि सूर्यास्तानंतर बऱ्याचदा खळबळतो. काही दहा नॅनोसेकंदांचा चढउतार त्यातून येतो. दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे महाग रिसीव्हर तो बराचसा काढून टाकतात. खास वेळेसाठी बनवलेले रिसीव्हर आणखी एक गोष्ट करतात: दिवसभर आपली जागा मोजून ती एकदाची पक्की धरतात आणि पुढे सगळं लक्ष वेळेकडे देतात. मग आकाशात एकच उपग्रह दिसला तरी त्यांचं भागतं.

आता दोन पाहुणे घरात आहेत. एक ओव्हन, दुसरा जीपीएसचा ठोका. दोघांचे स्वभाव बरोबर उलटे.

भजनाला बसलेल्यांना हे लगेच कळेल. एखादा पखवाजवादक असा असतो की त्याची प्रत्येक थाप मागच्या थापेशी घट्ट जुळलेली. दहा थापा ऐका, वीस ऐका, तसूभर फरक नाही. पण अर्ध्या तासात लय नकळत चढलेली असते. हा ओव्हन. समजा दुसरा कुणी असा असेल की त्याची प्रत्येक थाप किंचित आधी किंवा नंतर पडते, ऐकायला खडबडीत, पण तासाभरानं मोजलं तर थापांची संख्या अगदी नेमकी. हा जीपीएस. ओव्हनच्या कानाशी जीपीएसनं अधूनमधून 'लय चढतेय, सांभाळ' एवढंच म्हणायचं आणि थाप ओव्हनलाच वाजवू द्यायची. या जोडीला जीपीएसडीओ म्हणतात. माझ्या पडद्यावरची पिवळी लाट तिचीच आहे.

खरा प्रश्न आहे तो 'अधूनमधून' म्हणजे किती. ३० नॅनोसेकंदांची चूक एका सेकंदात मोजली तर ती सुमारे तीन कोटींत एक. ओव्हन एका सेकंदापुरता याच्या हजारो पट चांगला. पण तीच ३० नॅनोसेकंदांची चूक १,००० सेकंदांवर पसरली की तीन हजार कोटींत एक होते, आणि दिवसभरावर पसरली की आणखी ८६ पटींनी कमी. जीपीएसची चूक साठत नाही, ओव्हनची साठते. कुठेतरी दोघांची बरोबरी होते. त्या बिंदूच्या आत ओव्हनवर विश्वास ठेवायचा, पलीकडे जीपीएसवर. प्रत्येक ठोक्याला ओव्हन हलवला तर जीपीएसचा खडबडीतपणा ओव्हनमध्ये येतो. फार उशिरा हलवला तर तो म्हातारपणानं घसरून जातो. माझ्या ओव्हनसाठी हा बिंदू चार-पाचशे सेकंदांच्या आसपास निघाला, आणि तो शोधायला एक अख्खा पावसाळा गेला.

'किती वेळापुरता किती स्थिर' हे एका आलेखात मांडायची रीत डेव्हिड ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६६ साली दिली. तिला ॲलन डेव्हिएशन म्हणतात. आडव्या अक्षावर मोजण्याचा कालावधी, एका सेकंदापासून दिवसांपर्यंत. उभ्या अक्षावर तेवढ्या कालावधीत फ्रिक्वेन्सी किती डगमगते ते. ओव्हनची रेघ सुरुवातीला खाली असते आणि पुढे वर चढते. जीपीएसची वरून सुरू होऊन सरळ उतरत जाते. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात तोच तो बिंदू. एकदा हा आलेख वाचता आला की 'हे घड्याळ किती अचूक?' हा प्रश्न अपुरा वाटायला लागतो. 'किती वेळासाठी?' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

मोजण्याच्या युक्त्याही मोठ्या सुंदर आहेत. साधा काउंटर एका सेकंदात पूर्ण लाटा मोजतो, त्यामुळे त्याला एका हर्ट्झपेक्षा बारीक दिसत नाही. घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. ती अशी मोजली तर उत्तर ४९ नाहीतर ५०, उपयोग शून्य. उलटं करा. विजेच्या एका लाटेला किती वेळ लागतो ते १० मेगाहर्ट्झच्या ठोक्यांत मोजा. दोन लाख ठोके भरतात. आता एका ठोक्याची चूक झाली तरी ती दोन लाखांत एक. त्याहून बारीक जायचं तर दोन ठोक्यांच्या मधला तुकडाही मोजणाऱ्या चिप मिळतात. टीडीसी-७२०० ही त्यांतली एक, ५५ पिकोसेकंदांपर्यंत जाणारी. तेवढ्या वेळात प्रकाश दीडएक सेंटिमीटर जातो. अमेरिकेतल्या टीएपीआर या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेनं अशा दोन चिप आर्डुइनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर बसवून टीआयसीसी नावाचा काउंटर केला आहे, आणि आमच्या जगात तो घरोघरी पोचला.

माझी रोजची पद्धत अशी: ओव्हनचे १० मेगाहर्ट्झ एका छोट्या पीआयसी चिपनं एक कोटीनं भागायचे, म्हणजे त्याचाही सेकंदाला एक ठोका तयार होतो. मग तो ठोका आणि जीपीएसचा ठोका यांच्यातलं अंतर दर सेकंदाला नोंदवत राहायचं. फ्रिक्वेन्सी लिहायचीच नाही, फक्त हे अंतर. रेघ आडवी म्हणजे दोघं बरोबर. तिरकी म्हणजे फ्रिक्वेन्सीत फरक. वाकलेली म्हणजे ओव्हन म्हातारा होतोय. मध्येच पायरी दिसली तर कुणीतरी टेबलाला धक्का दिलाय किंवा वीज गेली होती.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं घरी येणारे विचारतात. एक उत्तर पश्चिमेच्या आकाशात आहे. क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा भूस्थिर उपग्रह आपल्याकडून दिसतो. त्याचा सिग्नल साडेदहा गिगाहर्ट्झच्या जवळ येतो आणि तो साध्या डिश टीव्हीच्या एलएनबीनं, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेल्या डबीनं, पकडता येतो. पण एलएनबीतला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आतमध्ये ३९० पट होतो. तो एक पीपीएम चुकला की ऐकू येणारा आवाज ९,७५० हर्ट्झनं बाजूला पळतो, म्हणजे तीन संभाषणांच्या पलीकडे. डिशवर ऊन आलं की पळतो, ढग आला की परत येतो. एलएनबीला जीपीएसडीओवरून २५ मेगाहर्ट्झ दिला आणि आवाज जागेवर बसला. ऐकायला एवढं पुरतं, बोलायचं तर हॅमचा परवाना हवा.

दुसरं उत्तर आपल्याच जिल्ह्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सेकंदाची नवी व्याख्या झाली त्याच वर्षी. आजही त्या भागात जमीन हलत असते, आणि कराडला भूगर्भाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. भूकंपाचं केंद्र शोधायचं म्हणजे लाट कुठल्या ठिकाणी केव्हा पोचली याची तुलना. पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते. नोंद घेणाऱ्या एका ठाण्याचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागानं चुकलं तर हिशोब ६०० मीटरनं हलतो. म्हणून भूकंपमापकांना जीपीएसची वेळ जोडलेली असते. गच्चीवरच्या माझ्या अँटेनात आणि त्यांच्या अँटेनात तत्त्वाचा काही फरक नाही.

ओव्हनच्या वरची पायरी रुबिडियमची. टॉवरच्या जुन्या सामानातून ही अणुघड्याळंही मिळतात, पुस्तकाएवढी, चांगलीच तापणारी. आत रुबिडियमच्या वाफेचा दिवा असतो आणि तोच आधी थकतो, म्हणून घेताना दिव्याच्या तब्येतीचं व्होल्टेज तपासून घ्यावं. खाली मोठा ॲल्युमिनियमचा पत्रा लावल्याशिवाय चालवू नका.

आणि मग सीझियम. ते माझ्याकडे नाही. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतले टॉम व्हॅन बाक हे हौशी संशोधक २००५ साली तीन सीझियम घड्याळं गाडीत घालून, मुलांना घेऊन रेनियर पर्वतावर गेले. दोन दिवस सुमारे ५,४०० फुटांवर राहिले आणि परत आल्यावर घरच्या घड्याळांशी तुलना केली. वर गेलेली घड्याळं सुमारे २२ नॅनोसेकंद पुढे होती. आइन्स्टाइननं सांगितलेलं होतं की गुरुत्वाकर्षण जिथे कमी तिथे वेळ किंचित जलद चालते. एका कुटुंबानं ते सहलीत मोजलं. जीपीएसला तर हे रोजच सांभाळावं लागतं. उंचीमुळे उपग्रहाचं घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७ मागे पडतं, म्हणून ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते.

हाच हिशोब मी आपल्याकडे करून पाहिला. साताऱ्यापेक्षा महाबळेश्वर साधारण साडेसहाशे मीटर उंच. मीटरला जो फरक पडतो तो धरला तर महाबळेश्वरचं घड्याळ साताऱ्यापेक्षा दिवसाला सुमारे सहा नॅनोसेकंद पुढे जातं. केळघरचा घाट चढून गेलो की वेळ खरोखर बदलते. माझ्या रुबिडियमचं एका दिवसातलं भटकणं याच्या कित्येक पट आहे, त्यामुळे त्याला हे दिसणार नाही. जीपीएसचा ठोका दिवसाला तेवढाच इकडेतिकडे होतो. तिथे सीझियमच लागतो, आणि तोही एकापेक्षा जास्त, म्हणजे एखादा बिघडला तर ओळखू येईल. काकांचा प्रश्न तिथेही तसाच उभा असतो.

कुणाला सुरुवात करायची असेल तर ओव्हन-रुबिडियमच्या मागे लगेच लागू नका. जीपीएस मोड्यूल, एक आर्डुइनो आणि भिंतीतल्या विजेपासून पूर्ण अलग करणारा ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. २३० व्होल्टला थेट काहीही जोडू नका. जीपीएसच्या ठोक्याशी तुलना करून ५० हर्ट्झची नोंद ठेवा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूरची ७६५ केव्ही लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं विजेचं जाळं बाकी देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी यंत्रं एकाच लयीत फिरतात. संध्याकाळी दिवे लागले की आकडा किंचित खाली झुकतो आणि कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं जोर लावतात तसा सावरतो. तुमच्या टेबलावर हे दर सेकंदाला दिसेल.

मग त्याच आर्डुइनोचा स्वतःचा क्रिस्टल जीपीएसशी ताडून बघा. वहीत तारीख, वेळ, फरक आणि खोलीचं तापमान, चारही रकाने रोज भरा. तापमानाचा रकाना लोक टाळतात, तसं करू नका. मे महिन्याची आणि डिसेंबरची पानं शेजारी ठेवली की क्रिस्टल ऊन-थंडीला कसा वाकतो ती वक्ररेषा तुमच्याच अक्षरात समोर येते.